डिकीतली डिस्क आणि अडतीस लाखांचं कोटेशन

पत्र

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री आणि मशीन शॉप आहे. बाबांनी सुरू केली, सहा वर्षांपासून मी बघते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, १८० माणसं. बाबांनी २०१७ साली घेतलेल्या एकाच सर्व्हरवर सगळं चालतं. त्यात ८ टीबीच्या चार डिस्क 'रेड ५'मध्ये लावल्यात आणि १७ टीबी जागा भरली आहे. कशानं किती भरली त्याचा तक्ता सोबत जोडते. आमचे अकाउंटंट काका दर शुक्रवारी टॅलीची आणि ड्रॉइंगची कॉपी पोर्टेबल डिस्कवर घेतात आणि स्कूटरच्या डिकीतून घरी नेतात. बॅकअप म्हणाल तर एवढाच.

परदेशी ग्राहकाच्या ऑडिटरने विचारलं, "सर्व्हर जळाला तर किती तासांत परत उभ्या राहाल?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तीन कोटेशन मागवली. ऑल-फ्लॅश सॅन, म्हणजे अनेक सर्व्हरना वाटून देता येणारा वेगवान चिपवरचा साठा, ३८ लाख. एकाच रॅकमध्ये दोन नॅस, ९ लाख. आणि तिसरं सगळंच क्लाउडवर, महिन्याच्या महिन्याला बिल. आमचे मिस्टर क्लाउड म्हणतात, व्हेंडर सॅनवर अडून बसलाय, काका म्हणतात आहे ते चाललंय की. मी काय घेऊ?

ता. क. सर्व्हरवर एका डिस्कचा नारंगी दिवा तीन आठवड्यांपासून लागलाय. व्हेंडर म्हणाला, नवीन घेणारच आहात तर आता त्यात पैसे घालू नका.

— एक उद्योजिका, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात लिहिलीत. कोटेशनं फाइलला लावून ठेवा, आधी त्या दिव्याचं बघू.

'रेड ५' म्हणजे चार डिस्कपैकी कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातला मजकूर गणितानं परत काढता येतो. एक गेली तरच. तुमची ती एक तीन आठवड्यांपूर्वीच गेली आहे. आता दुसरी गेली की १७ टीबी एका क्षणात संपले, आणि उरलेल्या तिघीही त्याच वर्षीच्या, बहुधा त्याच खोक्यातून आलेल्या. व्हेंडरनं तुम्हाला एका डिस्कचे पैसे वाचवायला सांगितले. असा सल्ला देणाऱ्याकडून मी ३८ लाखांचं काही घेतलं नसतं, पण ते पुढे.

आजच्या आज दोन पोर्टेबल डिस्क आणा आणि ईआरपी (कारखान्याचा सगळा व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर), टॅली, ड्रॉइंग आणि कॅमचे (मशीननं माल कसा कापायचा ते सांगणारे) प्रोग्रॅम एवढंच दोन्हींवर उतरवून घ्या. तुमच्या तक्त्यात हे सगळं मिळून जेमतेम २ टीबी आहे. ईआरपीचा डेटाबेस चालू असताना नुसती फाइल ओढून कॉपी करू नका, ती अर्धवट येते आणि उघडत नाही. ईआरपीचा स्वतःचा बॅकअप काढा आणि ती फाइल न्या. एक डिस्क कारखान्याबाहेर गेली की मगच सर्व्हरची बिघडलेली डिस्क बदलायला सांगा. हा क्रम उलटा करू नका. नवी डिस्क घातल्यावर सर्व्हर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत वाचतो, म्हणजे २४ टीबी. सेकंदाला २०० एमबीचा वेग धरला तरी ८ टीबीची डिस्क भरायला ११ तास लागतात, आणि वर काम चालू असेल तर दोन-तीन दिवस. म्हाताऱ्या डिस्कांना एवढं पळवल्यावर दुसरीनं मान टाकल्याचे प्रसंग मी स्वतः पाहिलेत. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे काम लावा.

हे झालं की मग चहा घेऊन पुढचं वाचा.

तुमच्या ऑडिटरचा प्रश्न आणि तुमच्या हातातली तीन कोटेशन यांचा एकमेकांशी संबंधच नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्यानं विचारलं, किती तासांत परत उभ्या राहाल. तिघांनी सांगितलं, डेटा कुठे ठेवाल. ठेवायला जागा कोणीही विकतं. परत आणून देण्याची हमी कोटेशनात कुठल्या ओळीत आहे, ते शोधा. मला तुमच्या तिन्हींत ती दिसली नाही.

आणि हा विचार तुम्हाला नवा नाही. तुमच्या फौंड्रीतला पॅटर्न स्टोअर, म्हणजे वाळूचे साचे ज्यांवरून पाडतात त्या नमुन्यांचं कोठार, डोळ्यांसमोर आणा. या महिन्यात लागणारे पॅटर्न मोल्डिंगच्या जवळ, हाताला येतील असे. वर्षात एकदा लागणारे मागच्या शेडमध्ये. आणि ग्राहकाच्या मालकीचे, ऑर्डर नसली तरी टाकता न येणारे, वर माळ्यावर, नंबर टाकून. सगळे पॅटर्न मोल्डिंग मशीनशेजारी ठेवा असं कोणी म्हणालं तर तुम्ही हसाल. सॅनवाल्यानं तुम्हाला नेमकं तेच सुचवलंय.

आता तुमचा तक्ता घेऊ. ईआरपी आणि टॅली मिळून ०.४ टीबी. ड्रॉइंग आणि कॅम १.६. कास्टिंग सिम्युलेशन, म्हणजे ओतकाम आधी संगणकावर करून बघणं, ६. रेडिओग्राफी, म्हणजे कास्टिंगच्या एक्स-रे इमेज, ९. प्रत्येकासमोर दोन आकडे लिहा: हे बंद पडलं तर किती तास चालेल, आणि किती वेळचं काम हरवलं तर सोसेल.

ईआरपी बंद म्हणजे गेटवर गाडी उभी, चलन निघत नाही, ई-वे बिल निघत नाही. इथे चार तासांपेक्षा जास्त नको आणि हरवलेल्या नोंदी तासाभरापेक्षा जास्त नकोत. ड्रॉइंग आणि कॅमचं थोडं वेगळं आहे. चालू जॉबचा प्रोग्रॅम व्हीएमसीच्या, म्हणजे माल कापणाऱ्या संगणकी मशीनच्या, स्वतःच्या मेमरीत असतो, त्यामुळे सर्व्हर गेला म्हणून त्याच क्षणी मशीन थांबत नाही. अर्धा दिवस निभतो. पण कालचं बदललेलं ड्रॉइंग हरवून परवाच्या रिव्हिजननं माल कापला गेला तर ते रिजेक्शन सर्व्हरपेक्षा महाग पडेल.

सिम्युलेशनच्या ६ टीबीवर मी एक पैसाही खर्च करणार नाही. ते निकाल आहेत. भूमिती आणि पॅरामीटरच्या मूळ फाइली जपल्या, ज्या याच्या तुलनेत मूठभर असतात, तर निकाल पुन्हा काढता येतात. इंजिनीअर कुरकुर करतील, दोन रात्री संगणक चालू राहील. चालेल.

आणि रेडिओग्राफी. रोज कोण उघडतं त्या इमेज? कोणीच नाही. कास्टिंग तपासलं, पास झालं, जहाजावर चढलं. पण तीन वर्षांनी ग्राहकानं तक्रार केली, की त्या हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याची), त्या नंबरची इमेज काढून दाखवावी लागते, आणि ती नव्यानं बनवता येत नाही कारण कास्टिंग तुमच्याकडे नाही. तुम्ही वाहन उद्योगाला माल देता, म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे त्या उद्योगाचं गुणवत्तेचं मानक लागू असणार. त्यात पीपीएपीसारख्या (भागाला ग्राहकानं दिलेल्या मंजुरीच्या) नोंदी तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, आणि वर एक कॅलेंडर वर्ष, सांभाळायला सांगितल्यात. ग्राहकाची स्वतःची अट याहून कडक असू शकते, तीही काढून बघा. तर हा डेटा हळू मिळाला तरी चालेल, हरवून चालणार नाही. तुमच्या साठ्यातला निम्म्याहून जास्त भाग हाच आहे, आणि व्हेंडर तो सर्वांत वेगवान फ्लॅशवर ठेवायला निघालाय.

सॅनबद्दल माझ्या मनात अढी नाही, आयुष्यातली बरीच वर्षं मी सॅनच बसवली. अनेक सर्व्हर, त्यांवर पन्नास-शंभर आभासी मशीन, सगळ्यांना एकाच साठ्यातून डिस्कचे तुकडे कापून द्यायचे, एक कंट्रोलर मेला तरी दुसऱ्यानं डोळ्याची पापणी लवायच्या आत काम उचलायचं, अशा ठिकाणी तिला पर्याय नाही. बँक, मोठं हॉस्पिटल, टेलिकॉम. तुमच्याकडे एक सर्व्हर आहे, फार तर दोन होतील. दोन सर्व्हरसाठी सॅन म्हणजे दोन माणसांच्या घरी लग्नाचा आचारी.

त्या कोटेशनात '८० टीबी इफेक्टिव्ह' लिहिलंय, ते वाचून फसू नका. त्याच्याखाली बारीक अक्षरात '४:१' आहे. म्हणजे खरी जागा २० टीबी, आणि तुमचा डेटा दाबून आणि सारखे तुकडे काढून चौपट मावेल असं गृहीत धरलंय. ऑफिसच्या शंभर सारख्या विंडोज मशीनवर हे साधतं. रेडिओग्राफीच्या प्रत्येक इमेजमध्ये वेगळा नॉइज असतो, सारखे तुकडे सापडणार कुठून? त्याला विचारा, माझ्या इमेजवर किती पट दाबून दाखवता ते लेखी द्या, कमी पडल्यास डिस्क तुमच्या खर्चानं. बहुधा विषय तिथेच संपेल. आणि चौथ्या-पाचव्या वर्षीच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा, दर आजच ठरवून घ्या. पहिली तीन वर्षं वॉरंटीत गोड जातात, चौथ्या वर्षी जे पत्र येतं त्यानं भल्याभल्यांना नवीन पेटी घ्यायला लावलंय.

नऊ लाखांच्या नॅसकडे मी जास्त प्रेमानं बघतोय. नॅस म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटणारी पेटी, तुमच्या ड्रॉइंगना आणि इमेजना हेच हवंय. आठ डिस्क, ८ टीबीच्या, 'रेड ६'मध्ये. म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा जिवंत. ४८ टीबी हाताला लागतील, विंडोज ते ४३ आणि थोडे वर असे दाखवेल. चोरी नाही ती, कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या. रेडिओग्राफी याच चालीनं वाढली तर पाच वर्षं पुरेल. डिस्क शिंगल पद्धतीनं लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर, नकोत असं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. बिघडलेली डिस्क बदलताना त्या इतक्या रेंगाळतात की रेडचा फायदाच जातो. नॅस आणि सर्व्हर यांच्यामध्ये १० गिगाबिटचं नेटवर्क टाका, आता ते महाग राहिलेलं नाही. आणि एक डिस्क जादा घेऊन कपाटात ठेवा. 'दुसऱ्या दिवशी पार्ट मिळेल' या वाक्यातला दुसरा दिवस पुण्याचा असतो, कोल्हापूरचा नसतो.

खोट आहे ती दोन्ही पेट्या एकाच रॅकमध्ये ठेवण्यात. एक दुसरीची जुळी, इकडे लिहिलं की तिकडे लगेच. हा बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर पुसला तर दुसरीकडेही लगेच पुसला जाईल. खंडणीखोर प्रोग्रॅमनं इकडे कुलूप लावलं तर तिकडेही लागेल. २०२२च्या जानेवारीत 'डेडबोल्ट'नं इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या हजारो नॅस पेट्यांना असंच कुलूप लावलं आणि प्रत्येकीमागे ०.०३ बिटकॉइन मागितले. घरून फाइली बघता याव्यात म्हणून कोणीतरी पोर्ट उघडलेला असतो, तेवढं पुरतं. तुमची नॅस इंटरनेटला थेट दिसता कामा नये, घरून काम करायचं तर व्हीपीएननं, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीनं. नॅसचा ॲडमिन पासवर्ड ऑफिसच्या विंडोज खात्यांहून वेगळा. आणि स्नॅपशॉट चालू ठेवा, दर तासाला, म्हणजे दुपारी पुसलेलं सकाळच्या रूपात परत मिळेल. स्नॅपशॉटही बॅकअप नव्हे, कारण पेटी जळाली की तोही जळतो, पण शंभरातल्या नव्वद चुका तो निस्तरतो.

आग दूरची वाटते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची मूळ प्रत आणि बॅकअप एकाच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. तुम्हाला तर फ्रान्सपर्यंत जायलाही नको. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै आठवा. पंचगंगा चढली, शिरोलीजवळ महामार्ग बंद, कोल्हापूरचा रस्ता दोन्ही वेळा तुटला. तुमच्या शेडमध्ये पाणी आलं नसेलही, पण त्या दिवसांत वीज कधी येणार, डिझेल कुठून आणायचं, पार्ट घेऊन येणारा माणूस कुठे अडकलाय, हे सगळं एकदमच झालं ना? म्हणून दुसरी नॅस गोकुळ शिरगावच्या भावाच्या युनिटमध्ये ठेवू का, असं विचाराल तर नाही म्हणेन. तोच पूर, तीच वीज, तोच रस्ता. दुसरी प्रत दुसऱ्या शहरात हवी. तुमचं पुण्यात विक्रीचं ऑफिस आहे असं लेटरहेडवर दिसतं. ती पेटी तिथे न्या.

पहिली प्रत लाइनवरून पाठवत बसू नका. १७ टीबी १०० एमबीपीएसनं पाठवायला जवळजवळ सोळा दिवस लागतात. पेटी कारखान्यातच भरा, गाडीत घाला, पुण्याला पोचवा; चार-पाच तासांचं काम. त्यानंतर रोज बदलणारा भाग ५० जीबी धरला तर रात्री सव्वा तासात जातो. पुण्याची पेटी कारखान्यातून 'खेचून' घेईल अशी मांडणी करा, कारखान्यातून तिच्यावर लिहिण्याचा हक्क कोणालाच नको. मग कारखान्यात शिरलेला प्रोग्रॅम तिथे पोचला तरी त्याला लिहिता येणार नाही.

मिस्टरांना सांगा, क्लाउडचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त 'सगळं' हा शब्द चुकीचा आहे. हिशेब करून बघा. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये साध्या साठ्याचा दर जीबीमागे महिन्याला अडीच सेंटच्या आसपास आहे. १७ टीबीचे महिन्याला सव्वाचारशे डॉलर होतात, वर १८ टक्के जीएसटी. पाच वर्षांचे साठ हप्ते, आणि रेडिओग्राफी दर वर्षी वाढणार ती वेगळी. हेही एक वेळ परवडेल. पण आत टाकायला पैसे नाहीत आणि बाहेर काढायला आहेत. मुंबईतून डेटा बाहेर काढण्याचा दर साठवण्याच्या महिन्याच्या दराच्या चौपटीच्या आसपास जातो. म्हणजे ज्या दिवशी तुमचा कारखाना बंद पडलेला असेल त्याच दिवशी मोठं बिल, आणि १७ टीबी त्याच १०० एमबीपीएसनं खाली उतरवायला पुन्हा सोळा दिवस. ऑडिटरला हे उत्तर द्याल? शिवाय रस्त्यावर जेसीबीनं फायबर तोडली की ड्रॉइंग उघडणार नाही. वसाहतीत हे वर्षातून किती वेळा होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

अतिशय स्वस्त 'आर्काइव्ह' दर दाखवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: परत मागितल्यावर किती तासांनी मिळतं, आणि किमान किती दिवसांचे पैसे लागतात. ॲमेझॉनच्या सर्वांत स्वस्त थरात साध्या मागणीला बारा तासांपर्यंत वाट पाहावी लागते आणि फाइल दुसऱ्या दिवशी पुसली तरी १८० दिवसांचे पैसे जातात. तुमच्या जुन्या इमेजसाठी हे खरं तर छान आहे. ईआरपीसाठी नाही.

मी क्लाउडवर फक्त ते २ टीबी ठेवेन. महिन्याला पन्नास डॉलर, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये आणि कर. आणि त्यावर 'ऑब्जेक्ट लॉक' लावेन, कडक प्रकारचा, तीस दिवसांचा. त्या तीस दिवसांत ती प्रत कोणालाही पुसता येत नाही. तुम्हाला नाही, व्हेंडरला नाही, तुमचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही नाही. सबंध खर्चात याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

सॅनवाल्याच्या प्रस्तावात एक वाक्य आहे: 'रेडिओग्राफी डेटाचा आकार मोठा असल्याने तो बॅकअपमधून वगळला आहे.' हे वाक्य वाचून मला दक्षिण कोरिया आठवला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं जिथे ठेवायची असा दंडक होता तो 'जी-ड्राइव्ह', ८५८ टीबी, जळून गेला. त्याची बाहेर कुठे प्रत नव्हती. कारण विचारलं तर, साठा फार मोठा होता. तुमचे ९ टीबी हे 'फार मोठं' नाही ताई. आज एका एलटीओ-९ टेपमध्ये १८ टीबी मावतात. (टेपचा विचार तुम्ही आत्ता करू नका. कॅसेट स्वस्त आणि दीर्घायुषी, पण तिचा ड्राइव्ह काही लाखांचा, आणि एका कॅसेटपुरत्या डेटासाठी तो घेणं वेडेपणा. इमेज शंभर टीबीवर गेल्या की पुन्हा पत्र लिहा.)

आता काका. ऑफिसात त्यांच्या डिकीतल्या डिस्कवर विनोद होत असतील. पण आजच्या घडीला तुमच्या कंपनीत कारखान्याबाहेर असलेली आणि कुठल्याही वायरला न जोडलेली एकमेव प्रत तीच आहे. कुठलाही खंडणीखोर प्रोग्रॅम स्कूटरच्या डिकीत शिरू शकत नाही. अडतीस लाखांच्या प्रस्तावात अशी एकही प्रत नाही. काकांची पद्धत बंद करू नका, सुधारा. एकाऐवजी तीन डिस्क आलटून पालटून, प्रत्येकीवर बिटलॉकरचं कुलूप, कारण डिकीतून डिस्क चोरीला गेली तर ग्राहकांची ड्रॉइंग बाहेर जातील. आणि उन्हात स्कूटर उभी ठेवून बाजारात जायचं नाही, डिस्क थेट घरच्या कपाटात.

फक्त शुक्रवार पुरेसा नाही, आणि इथे कायदाही आहे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. हिशेबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. त्याआधी नियमात 'ठरावीक काळानं' असा शब्द होता. पुस्तकं जपायची आठ वर्षं. तुमच्या सीएंनी हे सांगितलं नसेल तर त्यांनाही एक चहा पाजा. वरची मांडणी केली की हा नियम आपोआप पाळला जातो: पुण्याची पेटी भारतात, मुंबईचा क्लाउड भारतात, दोन्हीकडे रोज.

ईआरपीसाठी मात्र वेगळा खर्च करा. दोन छोटे सर्व्हर, प्रत्येकात आरशासारख्या जोडलेल्या दोन एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडी. एकावर ईआरपी चालेल, दुसऱ्यावर त्याची प्रत दर पंधरा मिनिटांनी पोचत राहील. पहिला मेला की दुसरा चालू करायचा. हाताने करायचं, अर्धा-पाऊण तास लागेल. आपोआप व्हावं असं वाटत असेल तर खर्च बराच वाढतो आणि ते सांभाळायला जाणता माणूस लागतो, जो तुमच्याकडे नाही. दुसरा सर्व्हर मशीन शॉपच्या टोकाला, वेगळ्या मीटरवर ठेवा. फौंड्रीच्या बाजूला कुठलीही पेटी नको. वाळूची धूळ पंख्यातून आत जाते आणि दोन पावसाळ्यांत बोर्ड खाते. आणि कृपा करून, स्प्लिट एसीच्या बरोबर खाली रॅक ठेवू नका. मी असे तीन सर्व्हर वाळवले आहेत.

दोन नॅस, दोन सर्व्हर, स्विच, चांगला यूपीएस आणि पाच वर्षांची वॉरंटी मिळून माझ्या अंदाजानं सोळा लाखांच्या आत बसायला हवं.

हे सगळं बसवून झाल्यावर जे काम कोणी करत नाही ते करा. तीन महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, पहिला सर्व्हर बंद करा. घड्याळ लावा. दुसऱ्यावर ईआरपी उठवा, एक चलन काढून बघा. पुण्याहून एखादं जुनं ड्रॉइंग आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका हीटची इमेज मागवा आणि उघडून बघा. किती वेळ लागला तो वहीत लिहा, सही करा. ऑडिटरला तीच वही दाखवायची, ब्रोशर नको.

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या नामांकित सॉफ्टवेअर कंपनीत एका दमलेल्या इंजिनीअरनं चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. त्यांच्याकडे प्रती ठेवायच्या पाच पद्धती होत्या. एकही धड कामाला आली नाही. एक बॅकअप तर सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यानं कित्येक दिवस फसत होता, आणि फसल्याचे ईमेल कोणाला पोचतच नव्हते. कोणीतरी सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीनं ते वाचले. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

माझं कोणी जाहीर केलं नाही, म्हणून मीच सांगतो. एका छापखान्यात मी बॅकअप बसवून दिला होता. रोज सकाळी हिरवी टिक. चौदा महिन्यांनी सर्व्हर गेला, आम्ही बॅकअप उघडला, आत काहीच नव्हतं. मधे कधीतरी त्यांनी डेटा 'डी'वरून 'ई' ड्राइव्हवर हलवला होता, आणि माझा बॅकअप रोज इमानेइतबारे रिकाम्या 'डी'ची यशस्वी प्रत काढत होता. मालक मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या चौदा महिन्यांत मी एकदाही एखादी फाइल परत आणून बघितली नव्हती.

व्हेंडर बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण कोणीही असो, सगळे ॲडमिन पासवर्ड, क्लाउडचं खातं आणि बॅकअपच्या कुलपाची किल्ली त्याच्या पोराच्या मोबाइलमध्ये राहता कामा नये. क्लाउडचं खातं कंपनीच्या ईमेलवर आणि कंपनीच्या कार्डवर उघडा. पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफा सीलबंद करून, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक पुण्याच्या ऑफिसात. बॅकअपची किल्ली फक्त सर्व्हरवर ठेवणारे लोक मी पाहिलेत. सर्व्हर जळाल्यावर त्यांच्याकडे अगदी सुरक्षित बॅकअप होता, कोणालाच न उघडणारा.

बाबांचा सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. सगळं नवीन जागी गेल्यावर तीन महिने तो बंद करून कपाटात ठेवा. काहीतरी राहून गेलेलं सापडतं, नेहमीच. नंतर डिस्क काढून त्यांना ड्रिल मशीननं भोकं पाडा, तुमच्याकडे त्याची काही कमी नाही.

आणि नारंगी दिव्याचं काय झालं, ते या आठवड्यात मला कळवा.